पाय ओळखा

पहिल्या बरणीत शिवली, दुसरीत गोगलगाय,
तिसरीत माकूल, चौथीत कालव.
झाकणं घट्ट लावून मी चिठ्ठ्या डकवतो. अ, ब, क, ड.
प्रश्न दरवर्षी तोच:
मृदुकाय प्राण्याचा पाय ओळखा, काम लिहा.
गुण चार.

मी प्रयोगशाळेतला मदतनीस. मला कुणी विचारत नाही.
पण अ बरणीतली शिवली
माझ्या धर्मीआत्यानं काढलेली आहे,
दिवाळ्याच्या खाडीत, अवसेच्या सुकतीला,
गुडघाभर चिखलात उभं राहून, समोर तिवरांकडे बघत.
"डोल्यांचा काय काम तिकरं?
चिखोल काय वाचाचा हाय?"
टाचेनं विचारायचं, अंगठ्यानं ऐकायचं.
सुपारीएवढं कठीण लागलं की वाकायचं, लगेच,
कारण खाली तिचाही पाय चालू असतो.

तिचा पाय म्हणजे जीभच म्हणा.
शिंपल्याच्या फटीतून बाहेर येते,
कुदळीसारखी चिखलात शिरते,
मग टोकाशी रक्त भरून फुगते, रुतते
होडीनं नांगर टाकावा तशी,
आणि वरचं सगळं घर खाली ओढते.
एक हिसका. दम. परत एक हिसका.
घर टाकून पळणं तिला येत नाही,
ती घरासकट पळते.

ब ला पोटच पाय.
कॉलेजच्या कुंपणावर सापडली, पपईचं पान किसत होती.
किसतच होती, खरंच,
जिभेवर हजारो दात असतात तिच्या,
पुढचे झिजले की मागचे पुढे सरकतात.
हे आत्याला सांगितलं तेव्हा तिनं
उरलेल्या सात दातांवरून जीभ फिरवली
आणि बराच वेळ काही बोलली नाही.

क ला पोरं हमखास चुकतात.
पाय खाली शोधतात.
माकुलाचा पाय डोक्याला जाऊन चिकटलाय,
त्याचेच झाले दहा हात, त्याचीच झाली नळी,
पाणी पिचकारून उलटं सुटायला.
शिंपला कधीच टाकून दिलाय,
पाठीत फक्त एक पातळ पातं उरलंय, काचेसारखं,
उन्हात धरलं तर पलीकडची वाशी दिसते.
आमचा जनू दुबईला गेला तो असाच,
तोंड आमच्याकडे, वेग मागे.

राहिलं ड.
कोरी जागा सोडतात सगळे.
उत्तर आहे: पाय नाही.
लहानपणी असतो. दोन-चार दिवस कालव
दगड चाचपतं, पुलाचा खांब चाचपतं, तिवराचं मूळ,
नको म्हणतं, पुढे जातं,
मग एका जागी डाव्या कुशीवर आडवं होतं,
अंगातून चिकट काहीतरी सोडतं, आणि झालं.
पाय विरघळून जातो.
पुढचं सगळं कल्ल्यांवर.
श्वास त्यांनीच, जेवण त्यांनीच,
जे वाहत येईल त्यातलं.
कोयतीनं फोडल्याशिवाय ते खांब सोडत नाही.
आत्याच्या तळहातावर खुणा आहेत त्याच्या.

यंदा एका मुलीनं ड समोर लिहिलं,
"पाय गेला आहे. कुठे, ते माहीत नाही."
परीक्षक हसले. मीही हसलो,
बरण्या पुसत होतो.

रविवारी उलव्याला गेलो.
मुलानं आत्याला नेऊन ठेवलीय, अकरावा मजला,
गुडघ्यांची दोन्ही ऑपरेशनं झाल्यापासून.
खिडकीतून खाडी दिसते, म्हणजे तिला दाखवतात.
ती बघत नाही. डोळ्यांचं काय काम.
चहा होईपर्यंत तिला मी त्या पोरीची गोष्ट सांगितली.

"मंग, किती गुन दिलं तिला?"
"अर्धा."
"अर्धाच?"

खुर्चीखाली, गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर,
तिचा उजवा अंगठा
हळूहळू गोल फिरत होता.